मास्तरांनी हलकी केलेली गाडी

१९९६ सालचा फेब्रुवारी, महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम: शून्य रुपये. हजर: मास्तर, माझा धाकटा भाऊ आणि माझी मोटारसायकल. मी हजर नव्हतो. मी आणि माझी बायको नंदुरबारला एका साखरपुड्याला गेलो होतो. गाडीची चावी मी भावाकडे ठेवली होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हजीऱ्याला जायचं होतं. त्या रविवारी जे झालं त्याचा राग मला आजही आहे. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडा. मी सोडत नाही. पण तो राग समजायचा तर आधी मास्तर समजले पाहिजेत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, माग चालू ठेवणाऱ्या कारागिराला मास्तर म्हणतात. हे मूळचे वर्ध्याकडचे, आमच्या कोसाडच्या वसाहतीत आमच्या समोरच्या घरात एकटे राहायचे आणि अमरोलीच्या एका खात्यात मागांची देखभाल करायचे. उंच, हाडकुळे, नेहमी काहीतरी सोडवायला निघाल्यासारखे. शर्टाला खिसा नाही, कॉलर नाही. दोन्ही त्यांनी स्वतः उसवून काढलेले. सायकलला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही, स्टँड नाही. पावसाळ्यात त्यांच्या पाठीवर चिखलाची एक उभी रेघ उठलेली असायची, मानेपासून कमरेपर्यंत. घंटीच्या ऐवजी ते तोंडाने ओरडायचे, "हटो, भाऊ, हटो!" सायकल उभी करायला भिंत लागायची, आणि ती भिंत बहुतेक वेळा आमची असायची.

कमरेला सुतळीने बांधलेला एक स्प्रिंगचा काटा. खात्यात सुताच्या लडी तोलायला असतो तसला, खाली आकडा असलेला. दिसेल ती वस्तू त्या आकड्याला लावायची, डोळ्यांसमोर धरायची आणि वजन सांगायचं. मग विचारायचं, "भाऊ, हे कायले पाहिजे? हे तं नुसतं बसून हाये."

बसून असणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. वस्तूने सतत काम करायला हवं. जी करत नाही ती काढून टाकायची. याला ते 'हलकं करणं' म्हणत. आणि हे काम ते कोणाला न विचारता करत.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. एकदा तिचं दप्तर मास्तरांनी काट्याला लावलं, तोंड वाकडं केलं, आणि मी आंघोळीहून येईपर्यंत तिच्या सगळ्या पुस्तकांचे पुठ्ठे फाडून बाजूला ठेवले होते. कंपासपेटीचं झाकणही काढलेलं. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाले, "वाचाचं थे आत हाये ना, भाऊ? पुठ्ठा कोन वाचते?" दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरीला वर्गाबाहेर उभं केलं. पुस्तकांची हेळसांड करते म्हणून. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "बाईचंच वजन जास्त झालं असंन."

वसाहतीचं लोखंडी फाटक इतकं जड होतं की ढकलायला दोन माणसं लागायची. मास्तरांनी एका रविवारी ते खाली उतरवलं, बिजागऱ्या घासल्या, आडव्या पट्ट्या काढल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते एका बोटाने उघडायला लागलं. सगळे खूश. बायका मुलांना बोटाने फाटक उघडायला लावत होत्या. पण मास्तरांनी फाटक अडवायची खुंटीही काढली होती. ती बसून होती ना. आठवड्याभरात वारा सुटला, फाटक भिरभिरत गेलं आणि दूधवाल्याच्या सायकलीवर आदळलं. दोन्ही कॅन रस्त्यावर. दूधवाला शिव्या देत होता आणि मास्तर त्याला समजावत होते की कॅनच मुळात जड आहेत.

मी हे हसत सांगत नाहीये. लोक हसायचे. मला तेव्हाही हसू येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती सांगितली नाही तर माझा हिशेब खोटा ठरेल. चौऱ्याण्णवमध्ये प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत गावाकडे पळालं, तेव्हा मास्तर कुठेही गेले नाहीत. आमच्या सगळ्या ओळीच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. आम्ही परत आलो तेव्हा कुणाच्या घरातला चमचासुद्धा हललेला नव्हता. कुंड्यांना पाणी घातलेलं होतं. फक्त प्रत्येक दाराची वरची कडी काढलेली होती. "खालची हाये ना," मास्तर म्हणाले.

आणि या सगळ्याचे ते एक पैसाही घ्यायचे नाहीत. कोणाची इस्त्री, कोणाचा पंखा, कोणाचं शिलाई मशीन. पैसे पुढे केले की दोन्ही हात वर. "पैसे नको. वजन होते." चहासुद्धा अर्धाच घ्यायचे. लोकांना याचं फार कौतुक होतं. मला नव्हतं. पैसे घेणाऱ्या माणसाला आपण सांगू शकतो की बाबा, काम चुकलं, पुन्हा कर. फुकट करणाऱ्याला काय सांगणार? त्याने तुमच्या दाराची कडी काढली तरी तुम्हाला वर आभार मानावे लागतात.

आता गाडीचं सांगतो.

मोटारसायकल मी ब्याण्णवमध्ये जुनी घेतली होती. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये स्टोअर बघायचो आणि कोसाडहून रोज त्याच गाडीवर जायचो. पुढे-मागे ट्रक असलेल्या हायवेवर तिने मला कधी उभं केलं नव्हतं.

भाऊ हजीऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. आयटीआय केलेला फिटर, पण कागदावर हेल्पर. आई-वडील गेल्यावर मीच त्याला अमळनेरहून सुरतेला आणलं. चार वर्षं ठेकेदारीत काढल्यावर कारखान्याने काही माणसं कायम करायचं ठरवलं, आणि त्यासाठी हाताच्या कामाची परीक्षा ठेवली. सोमवारी सकाळी आठ वाजता, गेटच्या आत. कायम म्हणजे काय ते सुरतेत आलेल्या आमच्यासारख्या माणसालाच कळतं. उद्या या असं कोणी म्हणावं याची वाट बघावी लागत नाही.

ही परीक्षा आहे हे भावाने मास्तरांना सांगितलं. इतकंच त्याचं चुकलं. मास्तरांना मदत करायची होती. आणि मास्तरांची मदत म्हणजे हलकं करणं.

रविवारी संध्याकाळी आम्ही पॅसेंजरने परत आलो तर भाऊ फाटकाशीच उभा.

"दादा, गाडी उचलून बघ. मागून धर. बघ तर!"

मी गाडीकडे बघितलं. दोन्ही बाजूंची झाकणं गायब. जिथे बॅटरी असायची तिथून पलीकडची भिंत दिसत होती. शेजारी टोपली ठेवलेली. तिच्यात जुनी बॅटरी, बॅटरीचा लोखंडी पिंजरा, दोन हॉर्नपैकी एक, वायरींचं एक भेंडोळं.

मास्तर सीटवर हात ठेवून उभे होते, बाळंतपण नीट पार पडल्यासारखे. "भाऊ, सगळं मधात आनलं. बॅटरी, रेग्युलेटर, फ्लॅशर, सगळं सीटखाली. बाजूले लोंबकळत होतं, बिनकामाचं. अन् बॅटरी माह्यापाशी मोपेडची पडली होती, थे टाकली. निम्म्या वजनाची हाये. वायरी बी निम्म्या झाल्या. उद्या पोरगा वाऱ्यासारखा जाते."

माझ्या बायकोने पिशवी खाली ठेवली आणि भावाला अहिराणीतच विचारलं, "कोनले इचारीसन हात लावा यासनी?"

मास्तरांना अहिराणी कळायची. ते म्हणाले, "वहिनी, इचारून केलं असतं तं भाऊ नाही म्हनले असते."

मी टोपलीत हात घातला. भेंडोळ्याच्या खाली एक काळी डबी होती, काड्यापेटीपेक्षा लहान. फ्यूजची डबी. मी ती मास्तरांच्या समोर धरली.

"ही का काढली?"

"थे काय काम करते, सांगा बरं. गाडी चालोते?"

"नाही."

"लाइट देते? हॉर्न वाजोते?"

"मास्तर, ती जळते. काही गडबड झाली तर वायरींच्या आधी ती जळते आणि बाकीचं वाचतं."

"म्हंजे जळासाठीच बसोली हाये," मास्तर म्हणाले आणि भावाकडे बघून हसले. भाऊही हसला.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता लावा. मास्तर म्हणाले, वायरी कापून जोडल्यात, आता सगळं पुन्हा उकलावं लागेल, उद्या संध्याकाळी लावतो. मी भावाला म्हणालो, उद्या बसने जा. तर तो म्हणाला, "दादा, तीन बस बदलाव्या लागतात. आणि मास्तरांनी दिवसभर उन्हात बसून केलंय. त्यांच्यासमोर असं काय बोलतोस?"

हे 'असं काय बोलतोस' त्या वर्षी मी पुष्कळांकडून ऐकलं. ही सुरुवात होती.

सोमवारी तो उजाडताच निघाला. वरियाव, जहांगीरपुरा, तिथून हजीरा रस्ता. गाडी खरंच छान पळत होती, असं तोच सांगतो. इच्छापोरच्या पुढे त्याला कसलासा वास आला. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि थांबेना. मग सीटखालून धूर, आणि गाडी बंद. हॉर्नही बंद. त्याने ती ढकलत एका चहाच्या टपरीपर्यंत नेली, टपरीवाल्याच्या हवाली केली, आणि हात करत एका ट्रकमध्ये चढला. गेटवर पोचला तेव्हा बाकीचे आत जाऊन बसले होते. वॉचमनने मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाला, "टाइम हो गया, भाई. अब साहब भी नहीं खोलेगा."

दुपारी मी टेम्पो करून गाडी आणायला गेलो. टपरीपाशीच सीट उचललं. आत जे दिसलं ते बघून मला एका क्षणात सगळं कळलं, कारण ते मी मिलमध्ये बघितलेलं होतं.

लूमच्या खात्यात धूळ आणि तेल फार. म्हणून तिथली माणसं प्रत्येक स्टार्टरला, प्रत्येक स्विचला, मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा गुंडाळतात. त्याला ग्रे म्हणतात. तो गुंडाळायचा आणि वरून सुताने करकचून बांधायचा. मास्तरांचे हात पंचवीस वर्षं हेच करत आले होते. त्यांनी गाडीचा रेग्युलेटरही तसाच बांधला होता. रेग्युलेटर बॅटरीकडे जाणारी वीज आवरतो आणि त्यात तापतो. त्याला ॲल्युमिनियमच्या कंगव्यासारखे दात असतात ते वारा लागावा म्हणून, आणि कंपनीने तो वाऱ्यातच बसवलेला होता. मास्तरांनी तो वाऱ्यातून काढला, इंजिनाच्या वर सीटखाली कोंबला आणि त्याला पॉलिस्टरच्या ग्रेमध्ये बाळासारखं लपेटलं. पॉलिस्टर धडपणे पेटत नाही. वितळतं आणि ज्याला लागतं त्याला चिकटतं. आमच्या मिलमध्ये तापलेल्या मशिनीवर कापड अडकलं की चिक्कीसारखा थर खरवडून काढावा लागतो. सीटखाली तसाच गोळा झाला होता. वायरींचं रबर त्या गोळ्यात वितळून उघड्या तारा एकमेकींना लागल्या होत्या. त्यांना थांबवायला मधे कोणी नव्हतं. जी थांबवणार होती ती डबी कोसाडला माझ्या घरात टोपलीत होती.

संध्याकाळी मास्तर आले. भाऊ ओट्यावर बसला होता.

"कशी पळाली गाडी?" त्यांनी विचारलं. भावाने झालेलं सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबू, तू पिळली असशीन. हलक्या गाडीले पिळाचं नसते. आपोआप जाते थे."

आणि भाऊ म्हणाला, "हो मास्तर. जरा जास्तच पिळली मी."

मी आतून हे ऐकलं. मी बाहेर आलो, तो वितळलेला गोळा मास्तरांच्या पुढ्यात टाकला आणि बोलायला लागलो. पण दोन वाक्यं झाली नाहीत तोच शेजारच्या गुजराती काकी दारातून म्हणाल्या, "भाई, बिचाराए मफतमां करी आप्युं. एने शुं बोलवानुं?" बिचाऱ्याने फुकट करून दिलं, त्याला काय बोलायचं. पलीकडचा मान डोलवत म्हणाला, नशीब असतं. मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि गेले. अपराधी मीच ठरलो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. पण भावाने ते 'पिळली' मनावर घेतलं. आठवडाभर तो कामावर गेला नाही. मी नवीन वायरिंग करून घेतलं, गाडी पुन्हा आधीसारखी केली, चावी त्याच्यापुढे धरली, तर म्हणाला, "नको दादा. मी गाड्या जाळतो." घरातल्या स्टोव्हची पिन बदलायलाही हात लावेना. हातांवर पोट असलेला फिटर, आणि त्याला स्वतःच्याच हातांची भीती. ठेकेदार चांगला होता. तो घरी येऊन सांगून गेला की शेजारच्या दुसऱ्या एका कारखान्यात पुढच्या महिन्यात अशीच परीक्षा आहे, नाव देतो. भाऊ म्हणाला, माझं नको देऊ. ठेकेदार म्हणाला, रविवारपर्यंत सांग, नंतर माझ्या हातात नाही.

मी मास्तरांकडे गेलो. म्हणालो, त्याला एकदा सांगा की चूक तुमची होती. मास्तर कुणाच्या तरी छत्रीची मूठ तोलत होते. म्हणाले, "भाऊ, म्या पैसे घेतले का? मंग चूक कायची?"

मी घरी आलो आणि त्या एका वाक्यावर विचार करत बसलो. कारण ते वाक्य बरोबर होतं. वसाहतीतला प्रत्येक माणूस त्याच वाक्याच्या आड त्यांना उभं करत होता. मग ते वाक्यच काढून टाकायला हवं. बसून होतं ते.

शनिवारी मी कतारगामच्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनला विचारलं, बॅटरी आणि रेग्युलेटर सीटखाली नेऊन वायरिंग करून द्यायची मजुरी किती? म्हणाला, साठ. मिलच्या कँटीनवाल्याकडून मी साठ रुपयांची सुटी नाणी घेतली. सगळी एक-एकची.

रविवारी सकाळी मास्तर सायकल लावायला आमच्या भिंतीपाशी आले. भाऊ ओट्यावर होता, बायको दारात, काकी त्यांच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "मास्तर, हात पुढे करा." त्यांना वाटलं प्रसाद आहे. दोन्ही हात जोडून ओंजळ केली. मी रुमाल सोडला आणि सगळी नाणी त्या ओंजळीत ओतली.

"हे काय, भाऊ?"

"मजुरी. त्या रविवारच्या कामाची. बाजारभावाने."

"नको, नको. वजन होते." ते हात वर करायला गेले, पण ओंजळ भरलेली. हात वर केले असते तर नाणी रस्ताभर झाली असती. खिशात टाकायला खिसा नव्हता. खाली ठेवायला वाकले तर मी म्हणालो, "ठेवू नका. मी दिलेत आणि तुमच्या हातात आहेत. चार माणसांनी बघितलंय. आता ते फुकट राहिलं नाही. ते काम झालं. आता मी गिऱ्हाईक आहे आणि मी सांगतोय की काम वाईट झालंय."

काकींचा हात तांदळात थांबला.

मग मी बोललो. कोणी अडवलं नाही. रेग्युलेटर सांगितला, ग्रे सांगितलं, फ्यूज सांगितला. पोरीचे पुठ्ठे सांगितले, दाराच्या कड्या सांगितल्या. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "मास्तर, काही वस्तू बसून असण्यासाठीच असतात. ज्या दिवशी त्या उठतात त्या दिवशी घर वाचतं. तुम्ही ती डबी काढलीत, चार वर्षं राबलेल्या पोराची परीक्षा गेली, आणि वर त्यालाच म्हणालात की तू पिळली. मला काही सांगू नका. त्याला सांगा."

मास्तर ओंजळ सांभाळत उभे होते. कमरेचा काटा नुसताच लोंबत होता. त्यांनी ओंजळ जराशी वर-खाली केली. सवयीने तोंडातून निघून गेलं, "तीनशे ग्रॅमच्या वर हाये." मग भावाकडे वळले.

"बाबू, तू नाही पिळली. म्याच थे डबी काढली. अन् कपडा बी म्याच बांधला. गाडी म्या जाळली."

भाऊ उठला. मला वाटलं, रडेल. त्याने आत जाऊन एक डबा आणला, मास्तरांच्या ओंजळीखाली धरला आणि नाणी त्यात रिकामी करून घेतली. मग त्यांना विचारलं, "मास्तर, त्या काढलेल्या डबीत फ्यूज किती अँपिअरचा होता?"

"म्या पाहिलाच नाही," मास्तर म्हणाले.

"दहाचा होता," भाऊ म्हणाला. "मी बघितला होता." आणि डबा त्यांच्या हातात देऊन तो चपला घालून ठेकेदाराकडे गेला.

दुसऱ्या कारखान्यात त्याला घेतलं, पण कायम व्हायला तिथे दोन वर्षं लागली, आणि पगार पहिल्या कारखान्यापेक्षा कमीच राहिला. तो मास्तरांना केव्हाच माफ करून बसलाय. दिवाळीला फराळ नेऊन द्यायचा. मी दिला नाही. ती दोन वर्षं कोणाच्या नावावर टाकायची ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर मास्तर कामाचे पैसे घ्यायला लागले. पाच रुपये, दहा रुपये. लोकांनी मला नावं ठेवली की चांगला माणूस बिघडवला. पण हात लावायच्या आधी ते विचारायला लागले, आणि गिऱ्हाईक नाही म्हणालं तर निघून जायला लागले. कड्या मात्र त्यांनी परत लावल्या नाहीत. आमच्या दाराची मी माझ्या खर्चाने लावून घेतली.

वायरिंग, टेम्पो आणि कडी धरून मला एकूण खर्च बराच आला. तो मी कोणाकडे मागितला नाही. शेवटी दिले ते एवढेच: साठ रुपये, रोख, मास्तरांना, त्यांनी माझी गाडी जाळली त्या कामाची मजुरी म्हणून.